भाडं कुणाला चिकटतं : सांता क्लारा काउंटीची गोष्ट

अमेरिकेचं केंद्र सरकार दरवर्षी प्रत्येक भागासाठी कुटुंबाचं मध्यम उत्पन्न किती धरायचं ते जाहीर करतं. सवलतीच्या घरांसाठी कोण पात्र, हे त्यावरून ठरतं. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत २०२४ साली हा आकडा १,८४,३०० डॉलर होता. त्याच्या निम्म्यावर, म्हणजे वर्षाला नव्वद हजार डॉलरच्या आसपास कमावणारं चार माणसांचं कुटुंब तिथे सरकारदरबारी ‘अत्यल्प उत्पन्न’ गटात मोडतं. रुपयांत हिशेब करणाऱ्याला ही थट्टा वाटेल. पण त्या काउंटीत दोन बेडरूमच्या साध्या अपार्टमेंटला महिन्याला तीन हजार डॉलरच्या वर भाडं पडतं, वर्षाला छत्तीस हजारांच्या वर. कर वजा जाऊन जे हातात पडतं त्यातलं जवळपास निम्मं छपरावर गेलं, की उरलेल्यात गाडी, विमा, पाळणाघर आणि दवाखाना बसवायचा असतो. गरिबीची व्याख्या तिथे पगाराकडे बघून करताच येत नाही.

सांता क्लारा म्हणजेच ढोबळमानाने सिलिकॉन व्हॅली. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या दक्षिण टोकाला असलेल्या या काउंटीत १५ शहरं आहेत. उत्तरेला पालो आल्टो आणि माउंटन व्ह्यू, मधल्या पट्ट्यात सनीवेल, क्युपर्टिनो आणि सांता क्लारा नावाचंच शहर, पूर्वेला मिलपिटास. या सगळ्यांहून कितीतरी मोठं सॅन होजे. काउंटीतली निम्म्याहून जास्त माणसं तिथेच राहतात. अगदी दक्षिणेला गिलरॉय, लसणासाठी प्रसिद्ध. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या १९ लाख ३६ हजार भरली. दर दहांतले चारएक जण अमेरिकेबाहेर जन्मलेले. मराठी माणसाला हा पत्ता परका राहिलेला नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं २०२४ चं अधिवेशन सॅन होजेतच भरलं होतं, आणि पुण्याहून व्हिसावर गेलेल्या कितीतरी जोडप्यांचा संसार सनीवेलमधल्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटातच सुरू झालेला आहे. काउंटीतल्या शंभर राहत्या घरांपैकी पंचेचाळीसच्या आसपास घरांत भाडेकरू राहतात.

इथलं भाडं दोन गोष्टी ठरवतात. एक, कंपन्यांचा पगारपट, आणि दुसरी, कायद्यांची जुनी कुंपणं. पगारपट दर काही वर्षांनी फुगतो, मग आकसतो. कुंपणं मात्र सहसा हलत नाहीत. यातलं जवळजवळ प्रत्येक कुंपण आधीपासून आत असलेल्याच्या सोयीनं घातलेलं आहे. फरक भरतो तो नंतर येणारा. हे एकदा ध्यानात घेतलं की काउंटीतल्या भाड्यांचे चढउतार फारसे चक्रावून टाकत नाहीत.

शंभर वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख फळबागांचा होता. जर्दाळू, प्रून, चेरी. फळं सुकवण्याचे आणि डब्यांत भरण्याचे कारखाने. दुसऱ्या महायुद्धानंतर संरक्षण खात्याची कंत्राटं आली, इलेक्ट्रॉनिक्स आलं, आणि बागांची जागा घरांनी घ्यायला सुरुवात केली. सॅन होजेचा प्रशासक डच हॅमन हा १९५० ते १९६९ या काळात शहराची हद्द एखाद्या संस्थानिकाच्या उत्साहानं वाढवत गेला. १९५० साली या शहरात ९५ हजार माणसं होती. १९७० पर्यंत ती साडेचार लाखांच्या आसपास गेली. पण ही वाढ आडवी होती. एका प्लॉटवर एक बैठं घर, पुढे हिरवळ, बाजूला गाडीचं गॅरेज. पुढे याच रचनेला नियमांचं रूप आलं. सॅन होजेत निवासी म्हणून राखलेल्या जमिनीपैकी सुमारे ९४ टक्के जमिनीवर दीर्घकाळ फक्त स्वतंत्र एककुटुंबी घरच बांधता येत असे. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांच्या शेजारी, दहा लाख वस्तीच्या शहरात, चार मजली इमारत उभी करायला उरलेल्या सहा टक्क्यांत जागा शोधायची. भाड्याच्या घरांचा तुटवडा पडला तो इथून. त्याचं खापर संगणक कंपन्यांवर फोडण्याची पद्धत आहे, पण त्यांच्या आधीच मैदान आखून झालं होतं.

दुसरं कुंपण ६ जून १९७८ चं. त्या दिवशी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रॉपोझिशन १३ मंजूर केलं. घरपट्टी घराच्या करमूल्याच्या एक टक्का, आणि ते करमूल्य वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढणार. घर विकलं गेलं की मगच ते बाजारभावावर येणार. हिशेब मांडून पाहा. १९७६ साली कुणी ६० हजार डॉलरना घर घेतलं असेल, तर दरवर्षी पुरते दोन टक्के वाढवूनही २०२४ मध्ये त्याचं करमूल्य दीड लाखाच्या आसपासच राहतं, आणि मूळ कर दीड हजार डॉलर. शेजारचं हुबेहूब तसंच घर त्याच वर्षी २० लाखांना घेणारा तरुण वीस हजार भरतो. रस्ता तोच, शाळा तीच, अग्निशमनाचा बंब तोच. अशा परिस्थितीत म्हातारं जोडपं चार खोल्यांचं घर सोडून लहान घरात जाईल कशाला? मुलं दूर गेली तरी घर विकायचं नाही, जमल्यास भाड्यानं द्यायचं. वारसांनाही बरीच वर्षं हीच सवलत वारसाहक्कानं मिळत होती, त्यामुळे भाड्यानं दिलेली जुनी घरं जुन्याच करमूल्यासह पुढच्या पिढीकडे जात राहिली. २०२० साली मंजूर झालेल्या प्रॉपोझिशन १९ नं ही वाट अरुंद केली. आता वारस स्वतः त्या घरात राहायला आला तरच सवलत, आणि तीही मर्यादेतच.

याचा एक आडवा परिणाम नगरपालिकांवर झाला. घरपट्टी बांधून टाकल्यावर शहरांना घरांपेक्षा दुकानं आणि कार्यालयं परवडू लागली. दुकानं विक्रीकर देतात, आणि कार्यालयातली माणसं संध्याकाळी निघून जातात, शाळा-बागांचा खर्च मागत नाहीत. क्युपर्टिनोची वस्ती साठ हजारांच्या आसपास. तिथे २०१७ साली उघडलेलं ॲपलचं वर्तुळाकार मुख्यालय बारा हजार कर्मचाऱ्यांसाठी बांधलेलं आहे. इतकी माणसं कामाला येणार म्हणून तितकी घरं बांधायची सक्ती कुणावरच नव्हती. प्रत्येक शहरानं नोकऱ्या आपल्याकडे घेतल्या आणि घरं शेजारच्या गावानं बांधावीत असं मनोमन ठरवलं. पंधराच्या पंधरा शहरांनी तसंच ठरवल्यावर काय होणार, ते उघड आहे.

प्रॉपोझिशन १३ च्या प्रचारात एक आशा दाखवली गेली होती, की मालकांचा कर कमी झाला की भाडीही उतरतील. ती काही उतरली नाहीत. भाडेकरूंचा जो राग उसळला त्यातून दीड-दोन वर्षांत कॅलिफोर्नियाच्या अनेक शहरांत भाडेनियंत्रण आलं. सॅन होजेचा नियम १९७९ चा. ७ सप्टेंबर १९७९ च्या आधी बांधलेल्या, तीन किंवा अधिक घरांच्या इमारतींना तो लागू होतो. सुरुवातीला वर्षाला आठ टक्के वाढीची मुभा होती. २०१६ मध्ये ती पाच टक्क्यांवर आणली.

मुंबईकरांना १९४७ चा भाडे कायदा आणि त्यातून उगवलेली पागडी तोंडपाठ असते. भाडेनियंत्रण म्हटलं की ते मान डोलावतात, आम्हाला नका सांगू म्हणून. पण इथे एक मोठा फरक आहे. कॅलिफोर्निया विधिमंडळानं १९९५ साली कोस्टा-हॉकिन्स नावाचा कायदा केला. त्यानुसार १ फेब्रुवारी १९९५ नंतर बांधलेल्या घरांवर कोणतंही शहर भाडेनियंत्रण लावू शकत नाही, स्वतंत्र बंगल्यांवर लावू शकत नाही, आणि नियंत्रणातलं घर भाडेकरूनं आपणहून सोडलं की मालक नव्या भाडेकरूकडून बाजारभाव घेऊ शकतो. मुंबईत भाडं घराला चिकटलं. इथे ते भाडेकरूला चिकटतं. त्यामुळे मुंबईत आत येणारा माणूस पागडी मोजत असे, आणि कॅलिफोर्नियात उलट मालकच जुन्या भाडेकरूच्या हातावर रक्कम ठेवतो, की बाबा, तू आता जा. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या सारख्या दोन घरांत हजार डॉलरचा फरक असू शकतो, आणि तो फक्त कोण कोणत्या साली राहायला आलं यावर. पंधरा वर्षं तिथेच टिकून राहिलेली परिचारिका निश्चिंत असते. गेल्या महिन्यात आलेला तिचा सहकारी तिच्या मानानं लुटला जातो. नोकरी बदलून काउंटीच्या दुसऱ्या टोकाला गेलं तर जुनं भाडं सुटतं, म्हणून लोक घर सोडत नाहीत, तास-तास गाडी चालवतात. रस्त्यांवरच्या गर्दीचा एक वाटा या कायद्याच्या खात्यावर टाकायला हरकत नाही.

२०१६ मध्ये माउंटन व्ह्यूच्या मतदारांनी ‘मेझर व्ही’ हा प्रस्ताव मंजूर करून आपल्या शहरात भाडेनियंत्रण आणलं. तिथे वाढ महागाईशी बांधलेली, किमान दोन आणि कमाल पाच टक्के. पालो आल्टो आणि क्युपर्टिनोनं अशा वाढीच्या मर्यादेपासून अंग राखलं. मग १ जानेवारी २०२० पासून संपूर्ण राज्याला लागू होणारा भाडेकरू संरक्षण कायदा आला. वर्षातली भाडेवाढ पाच टक्के अधिक स्थानिक महागाई, आणि काही झालं तरी दहा टक्क्यांच्या आत. वर्षभर राहिलेल्या भाडेकरूला सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. त्याची चूक नसताना काढलं तर एक महिन्याच्या भाड्याइतकी भरपाई द्यावी लागते. पंधरा वर्षांच्या आतल्या नव्या इमारती यातून वगळलेल्या, आणि कंपनीच्या मालकीचे नसलेले बंगलेही, मालकानं भाडेकरूला तसं लेखी कळवलेलं असलं तर. महागाई भडकलेली असताना, २०२२ च्या ऑगस्टपासून, उपसागर परिसरात ही मर्यादा पुऱ्या दहा टक्क्यांना जाऊन टेकली होती. तीन हजारांच्या भाड्यावर कायदेशीर वाढ तीनशे डॉलर. याला संरक्षण म्हणायचं तर म्हणावं, पण भाडेकरूचा पगार त्या वर्षी तेवढा वाढला असेल असं नाही.

आता पगारपटाकडे वळू. १९९९-२००० मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या लाटेत इथे घर मिळवणं ही स्पर्धापरीक्षा झाली होती. अपार्टमेंट बघायला रांगा, मागितल्यापेक्षा जास्त भाडं देऊ करणारे उमेदवार. बुडबुडा फुटला आणि पुढच्या काही वर्षांत सिलिकॉन व्हॅलीनं दोन लाखांच्या आसपास नोकऱ्या गमावल्या. भाडीही कोसळली. विकत घेतलेली घरं मात्र तेव्हा फारशी स्वस्त झाली नाहीत. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण नोकरी गेल्यावर सर्वांत आधी गाशा गुंडाळतो तो भाडेकरू. विशेषतः व्हिसावरचा. त्याला नोकरी गेल्यानंतर देशात राहायला मुदत असते ती मोजक्या दिवसांची. भाड्याचा बाजार म्हणूनच घरविक्रीच्या बाजारापेक्षा जास्त चंचल असतो, आणि काउंटीत नक्की काय चाललं आहे हे कळायला भाड्याच्या जाहिराती वाचाव्यात.

२००८ च्या मंदीनंतर आयफोन आणि फेसबुकचं दशक आलं. २०१० पासून पाच-सहा वर्षं भाडी सरसर चढत गेली. मग कोविड. मार्च २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांनी कार्यालयं बंद केली, घरून काम सुरू झालं, आणि कार्यालयाजवळ राहण्यासाठी जास्तीचं भाडं मोजण्याचं कारणच नाहीसं झालं. कुणी आईवडिलांकडे गेलं, कुणी सॅक्रामेंटोला, कुणी टेक्सासला, कुणी पुण्याला येऊन रात्रभर मीटिंगा करू लागलं. वर्षभरात सॅन होजे परिसरातली भाडी दहा टक्क्यांहून जास्त उतरली. २०२१ च्या मध्यापासून कार्यालयं उघडू लागली आणि भाडी पुन्हा वर आली. २०२२ च्या अखेरीपासून मोठ्या कंपन्यांनी कर्मचारी कमी केले, तेव्हा चढण थांबली. नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेवर पैसा ओतला जाऊ लागला तशी मागणी पुन्हा हलली. पंचवीस वर्षांत तीनदा तोच खेळ.

या उतरत्या काळातली एक चलाखी नव्या भाडेकरूनं समजून घ्यावी. रिकाम्या घरांचा मालक भाडं कमी करत नाही, तो ‘पहिले सहा आठवडे मोफत’ अशी पाटी लावतो. भाडं तीन हजार लिहिलेलं राहतं आणि वर्षाची सरासरी काढली तर साडेसव्वीसशे पडतं. मालकाला लिहिलेला आकडा जपायचा असतो, कारण इमारतीची किंमत आणि तिच्यावरचं बँकेचं कर्ज त्या आकड्यावर ठरतं. भाडेकरूचं नुकसान पुढच्या वर्षी कळतं. राज्याच्या कायद्यानुसार वाढीची टक्केवारी सवलत वगळून, करारात लिहिलेल्या भाड्यावर काढायची असते. म्हणजे प्रत्यक्षात सरासरी २,६५० भरणाऱ्याला दुसऱ्या वर्षी आठ टक्के वाढ लागली, तर तो ३,२४० वर जातो. बावीस टक्क्यांची उडी, आणि तरी कायदा मोडलेला नाही. मोफत आठवड्यांपेक्षा भाडं शंभर डॉलरनं कमी करून मागावं, असं मी तरी सांगेन. बहुतेक मालक नाही म्हणतात, आणि का म्हणतात ते आता कळलं.

मोठ्या अपार्टमेंट संकुलांत तर भाडं माणूस ठरवतच नाही. संगणकप्रणाली रोजचा दर काढते, विमानाच्या तिकिटासारखा. सकाळी पाहिलेलं घर संध्याकाळी महाग झालेलं असतं. कधी बारा महिन्यांच्या करारापेक्षा चौदा महिन्यांचा स्वस्त असतो, कारण चौदा महिन्यांनी उन्हाळा येणार असतो. अशी प्रणाली विकणाऱ्या रिअलपेज या कंपनीवर अमेरिकेच्या न्याय खात्यानं ऑगस्ट २०२४ मध्ये खटला भरला, कॅलिफोर्नियासह अनेक राज्यं त्यात सामील झाली. आरोप असा की, एकमेकांचे स्पर्धक असलेले मालक आपली गोपनीय माहिती या एकाच यंत्रात ओततात आणि ते यंत्र सगळ्यांनाच दर चढे ठेवायला शिकवतं.

व्याजदरांचा परिणाम सर्वांत कमी चर्चिला जातो, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. २०२१ पर्यंत गृहकर्ज तीन टक्क्यांच्या आसपास मिळत होतं. २०२२ मध्ये व्याजदर भराभर वाढले आणि पुढे साडेसहा-सात टक्क्यांवर रेंगाळले. २०२४ मध्ये सॅन होजे परिसरातल्या एककुटुंबी घराची मधली किंमत २० लाख डॉलरच्या पुढे गेली. अमेरिकेतल्या महानगर परिसरांत हा टप्पा ओलांडणारा तो पहिला. वीस टक्के रोख भरून उरलेल्या १६ लाखांचं कर्ज काढलं तर महिन्याचा हप्ताच दहा हजार डॉलरच्या वर, शिवाय घरपट्टी पावणेदोन-दोन हजार. तसंच घर भाड्यानं पाच-सहा हजारांत मिळतं. दोघं अभियंते, चांगला पगार, हातात कंपनीचे शेअर, तरी ते म्हणतात, सध्या भाड्यानंच बरं. आणि ज्यांच्याकडे तीन टक्क्यांचं जुनं कर्ज आहे ते विकायला तयार नाहीत. म्हणजे एरवी घर घेऊन भाडेबाजारातून बाहेर पडला असता असा सधन थर तिथेच साचून राहतो. त्याच्यामुळे दुसरा थर एक पायरी खालच्या अपार्टमेंटात जातो, तिसरा त्याच्या खाली, आणि शेवटचा गाडीत. काउंटीतल्या भाड्याच्या गणितात श्रीमंत भाडेकरू हा गरीब भाडेकरूचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी आहे, आणि त्या दोघांची कधी भेटही होत नाही.

नव्यानं आलेल्याला घर मिळवताना मात्र पगारही पुरत नाही. अर्ज करा, प्रत्येक प्रौढामागे तपासणी शुल्क भरा. भाड्याच्या अडीच ते तीन पट मासिक उत्पन्न दाखवा. क्रेडिट स्कोअर दाखवा. तो नुकत्याच उतरलेल्याकडे कुठून असणार? मग कंपनीचं ऑफर लेटर पुढे केलं जातं, किंवा आधीपासून तिथे असलेला एखादा मित्र पहिले काही महिने एक खोली देतो. डिपॉझिटचं एक बरं झालं. १ जुलै २०२४ पासून मालकाला एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. भाड्याच्या फार तर दोन मालमत्ता असलेल्या छोट्या मालकांना दोन महिन्यांची मुभा आहे. बेंगळुरूत दहा-दहा महिन्यांचं डिपॉझिट मोजून आलेल्यांना हा दिलासा वाटतो.

बाजाराला ऋतूही आहेत. मे ते ऑगस्ट भाडी तेजीत, नोव्हेंबर ते जानेवारी मंद. उन्हाळ्यात शिकाऊ उमेदवारांची फौज येते, आणि ऑगस्टच्या मध्यात शाळा सुरू होतात. क्युपर्टिनोचं भाडं खरं तर शाळेचं भाडं आहे. पत्ता त्या शाळेच्या हद्दीत असला की प्रवेश पक्का, म्हणून चौघांचं कुटुंब पालो आल्टो नाहीतर क्युपर्टिनोतल्या दोन खोल्यांत दाटीवाटीनं राहतं, आणि धाकटा बारावी झाला की त्याच महिन्यात जागा सोडतं. गंमत अशी, की याच भागातल्या प्राथमिक शाळांतली मुलं कमी होत गेली आणि काही शाळा बंद कराव्या लागल्या. लहान मुलं असलेल्या वयाच्या आईबापांना तिथलं घर परवडेनासं झालं आहे.

तळाशी काय होतं ते पाहायला मोबाइल होम पार्कमध्ये जावं लागतं. कारखान्यात बनवून आणून ठेवलेलं घर रहिवाशाच्या मालकीचं आणि त्याखालची जमीन भाड्याची, असा हा प्रकार. सॅन होजेत अशी दहा हजारांहून जास्त घरं आहेत. नाव ‘मोबाइल’, पण ही घरं हलवायला गेलं तर खर्च घराच्या किमतीच्या वर जातो, त्यामुळे जमीनमालकानं पार्क बंद करायचं ठरवलं की घर स्वतःचं असूनही रस्त्यावर यायची पाळी. पालो आल्टोतल्या ब्युएना व्हिस्टा पार्कवर २०१२ साली हीच वेळ आली. चारशेच्या आसपास माणसं, बहुतेक लॅटिनो कष्टकरी, आणि मुलं पालो आल्टोच्या नामांकित शाळांत. पाच वर्षं झगडा चालला. शेवटी २०१७ मध्ये काउंटी, शहर आणि काउंटीचं गृहनिर्माण प्राधिकरण यांनी पैसे घालून पार्क विकत घेतलं. इतकं चांगलं नशीब सगळ्यांचं नसतं. सॅन होजेतली ‘द जंगल’ नावाची ओढ्याकाठची बेघरांची वसाहत डिसेंबर २०१४ मध्ये उठवली गेली, तेव्हा ती देशातल्या सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक समजली जात होती. त्यानंतर २०१६ मध्ये मतदारांनी ९५ कोटी डॉलरचे परवडणाऱ्या घरांसाठीचे कर्जरोखे मंजूर केले, घरं बांधलीही गेली, तरी २०२२-२३ च्या मोजणीत काउंटीतल्या बेघरांची संख्या दहा हजारांच्या आसपासच होती. त्यात रोज कामावर जाणारी माणसंही आहेत.

मग घरं बांधा, हे सोपं उत्तर. राज्यानं २०२३ ते २०३१ या आठ वर्षांसाठी सगळ्या काउंटीला मिळून १ लाख २९ हजारांवर घरांचं लक्ष्य वाटून दिलं आहे, त्यातलं ६२,२०० एकट्या सॅन होजेला. लक्ष्य म्हणजे परवानग्यांची सोय करणं, बांधायचं बिल्डरनं. क्युपर्टिनोतल्या वॅल्को या ओस पडलेल्या मॉलची कथा इथे सांगण्यासारखी आहे. २०१८ मध्ये तिथे २,४०२ घरांचा आराखडा दाखल झाला, निम्मी घरं परवडणाऱ्या दरात. राज्याच्या नव्या कायद्यानं शहराला तो अडवता येईना. विरोधकांनी कोर्ट गाठलं, हरले. मॉल पाडला गेला. मग जमिनीखालच्या प्रदूषणाचा प्रश्न, वाढलेले व्याजदर, बदललेले आराखडे. गूगलनं सॅन होजेच्या मध्यवस्तीत हजारो घरांसह नवं संकुल उभं करायची मंजुरी २०२१ मध्ये मिळवली आणि २०२३ मध्ये काम थांबवलं. त्यापेक्षा चालतं ते मागच्या अंगणातलं छोटं घर. राज्यानं या जोडघरांवरची बंधनं एकेक करून काढून टाकली, आणि भारतीय घरमालकही ती बांधतात. आईवडील सहा महिन्यांसाठी आले तर त्यांना, एरवी भाड्याला.

भाडेनियंत्रणाचे हात बांधणारा कोस्टा-हॉकिन्स कायदा रद्द करावा का, हा प्रश्न मतदारांपुढे २०१८ मध्ये आला. २०२० मध्ये तो सैल करण्याचा प्रस्ताव आला. २०२४ मध्ये पुन्हा रद्द करण्याचा. तिन्ही वेळा उत्तर नाही. तेव्हा पुढची काही वर्षं तरी राज्याच्या भाडेकरू संरक्षण कायद्यावरच सगळा भार आहे. त्यातली पंधरा वर्षांची अट सरकती आहे. दरवर्षी आणखी एका वर्षाच्या इमारती मर्यादेखाली येतात. तेजीच्या दशकात, २०१२ ते २०१६ दरम्यान, उत्तर सॅन होजे आणि सनीवेलमध्ये जी मोठमोठी संकुलं उभी राहिली, त्यांची पाळी २०२७ ते २०३१ दरम्यान लागते. आणि कायद्याची मुदत विधिमंडळानं वाढवली नाही, तर तो १ जानेवारी २०३० ला संपतो.